वेल सुकला थंडीनं, बाईच्या सावलीनं नव्हे

संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू झालं, की आपल्या गावागावांतल्या बायकांना परसबागेचे वेध लागतात. हल्ली वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी रोपं नि बियाण्यांच्या पुड्या द्यायची चांगली पद्धत पडते आहे. रथसप्तमीपर्यंत घरात पाच-सात पिशव्या जमतात. कुणी दुधी दिलेला असतो, कुणी कारलं, कुणी गिलकं, तर कुणी मिरची-वांग्याची रोपं. दुपारची ऊन्हं चटके द्यायला लागलेली असतात, स्वेटर ट्रंकेत गेलेले असतात. ‘आता काय, थंडी संपलीच,’ असं म्हणत आपण रोपं आळ्यात लावून मोकळ्या होतो. आणि मग फेब्रुवारीत एखाद्या रात्री उत्तरेकडचं वारं सुटतं. दोन-तीन दिवस गारठा पडतो नि ओसरतो. त्यानंतर एका सकाळी बघावं, तर वेलाची पानं मान टाकून लोंबताहेत, कडा काळपट पडल्या आहेत.

अशा वेळी घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘रात्री थंडी किती होती?’ हा नव्हे. पहिला प्रश्न असतो, ‘वेलाला हात कुणी लावला?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न ऐकला नाही अशी बाई आपल्यात विरळाच. पाळीच्या दिवसांत तुळशीला पाणी घालायचं नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, पापडाच्या पिठाजवळ फिरकायचं नाही आणि कोवळ्या वेलावर सावलीही पडू द्यायची नाही, हे आपल्याला फ्रॉकच्या वयात सांगितलं गेलं. का, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ‘वेल जळतो,’ एवढंच उत्तर. शिकल्या-सवरल्या घरांत आता बाजूला बसणं उरलं नाही, देवघराचे नियमही थोडे सैल झाले. पण तुळस आणि परसातला वेल, या दोन ठिकाणी विटाळ अजून ठाण मांडून बसला आहे.

बचतगटाच्या कामानिमित्त मी आजूबाजूच्या गावांत फिरते. अशाच एका गावात गटातल्या बायकांनी हौसेनं परसबागा केल्या होत्या. एकीच्या दारातले दुधीचे नि काकडीचे वेल फेब्रुवारीत एकाएकी गेले. शेजारच्या घरचे मात्र तरारून उभे. झालं! सासूबाईंनी निष्कर्ष काढला, की सून ‘अडचणीत’ असताना परसात गेली. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, ‘गेले होते ताई, कपडे वाळत घालायला. तेवढंच.’ तिच्या आवाजात राग नव्हता, अपराधीपण होतं. मला तेच जास्त लागलं. बी. ए. झालेली ती मुलगी, आणि सहा वेलांचा मृत्यू तिनं मुकाट्यानं स्वतःच्या माथी घेतला होता. त्यानंतर तिनं परसबागेत पाऊल टाकलं नाही. गटाच्या बैठकीत आम्ही पुढच्या हंगामाचं बियाणं वाटलं, तेव्हा तिनं पुडी परत दिली. ‘माझ्या हाताला गुण नाही,’ म्हणाली.

म्हणजे बघा, एका थंड रात्रीनं वेल नेले आणि एका समजुतीनं त्या मुलीची बाग नेली.

म्हणूनच आज या विषयावर जरा सविस्तर लिहावंसं वाटतं. नुसतं ‘ही अंधश्रद्धा आहे हो’ म्हणून भागत नाही. सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलेलं असतं, की वेल सुकला. तो कशानं सुकला हे जोवर आपल्याला सांगता येत नाही, तोवर त्यांचंच खरं ठरतं.

आधी या थंडीचं बघू. ‘महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते,’ असं आपली आजी सांगायची. म्हणजे शिवरात्रीपर्यंत ती असते, हेही त्यातच आलं. संक्रांतीला ऊन वाढलं तरी हिवाळा संपलेला नसतो. हिमालयात बर्फ पडलं आणि तिकडून कोरडं वारं आपल्याकडे वाहू लागलं, की खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा, विदर्भ, पुणे सगळीकडे पारा झपकन खाली येतो. २००८, २०१२ आणि २०१९ या तिन्ही वर्षी ऐन फेब्रुवारीत महाराष्ट्रात थंडीची लाट आली होती. २०१९ची वसंत पंचमी १० फेब्रुवारीला होती. तिच्या आदल्या दिवशी नाशिकचा पारा चार अंशांच्या आसपास होता! कॅलेंडरात वसंत आणि अंगणात हुडहुडी. त्याआधी डिसेंबर २०१८च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. पण डिसेंबरची थंडी आपण धरून चालतो. तेव्हा परसात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा असतो. या भाज्या थंडीच्याच, त्यांना गारठा मानवतो. फेब्रुवारीत मात्र आपण उन्हाळी भाज्या लावलेल्या असतात, त्याही दोन-चार पानांच्या, अगदी तान्ह्या. घाव बसतो तो त्यांच्यावर.

दुधी, दोडका, कारलं, काकडी, गिलकं, भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची ही सगळी उबेची झाडं. साधारण दहा अंशांच्या खाली पारा गेला, की त्यांची वाढ थांबते आणि चार-दोन रात्री तसाच राहिला तर इजा होते. त्यासाठी बर्फ पडावं लागत नाही. पेशी दुखावतात, पानांवर पाणी शोषल्यासारखे डाग दिसतात, मग ते तपकिरी होतात. माती गार झाली, की मुळांना पाणी ओढता येत नाही. सकाळी ऊन पडलं, की पानांतून पाणी उडू लागतं, पण खालून पुरवठा बंद. म्हणून आळं ओलं असूनही वेल तहानल्यासारखा सुकतो. ‘पाणी होतं, खत होतं, तरी सुकला,’ हे कोडं असं आहे.

दुसरी गंमत ध्यानात घ्या. थंडीची इजा पुष्कळदा त्या रात्री दिसत नाही. एक-दोन दिवसांनी, पुन्हा ऊब आली की दिसते. तोवर थंडी ओसरलेली असते, आपण ती विसरलेल्या असतो. मग डोळ्यांसमोर काय येतं? परवा परसात कोण गेलं होतं ते! महिन्याच्या तीस दिवसांत घरातली कुणी ना कुणी बाई चार-पाच दिवस पाळीत असतेच. घरात सासू, सून, दोन मुली असल्या, तर जवळजवळ कुठल्याही आठवड्यात वेल सुको, दोषी सापडणार हे ठरलेलं.

आता राहिला कळीचा मुद्दा, ‘मग शेजारचा वेल कसा जगला?’ सासूबाईंचा हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याचंही उत्तर आहे. दिवसभर जमीन, भिंती, दगड ऊन पितात आणि रात्री ती ऊब बाहेर टाकतात. आभाळात ढग असले, तर ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. आभाळ निरभ्र नि वारा पडलेला असेल, तर सगळी ऊब वर निघून जाते. अशा रात्री उघड्यावरचं पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. पेपरात येणारं तापमान जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेलं असतं. खाली गवतावर, आळ्यात, ते आणखी दोन-चार अंशांनी कमी असू शकतं. म्हणून पेपरात चार-पाच अंश असतात, तेव्हा रानात कुठेकुठे दव गोठून पांढरा थर दिसतो.

थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणजे एकाच गल्लीत एकीचं परस चढावर, दुसरीचं उतारावर, एवढ्यानंही फरक पडतो. शेजारणीचा वेल सिमेंटच्या भिंतीला लागून असेल, तर भिंत त्याला रात्रभर शेकवते. तिच्या वेलावर आंब्याची फांदी आली असेल, तर तेच त्याचं छप्पर. तिनं आदल्या दुपारी पाणी दिलं असेल, तर ओल्या मातीत ऊब जास्त साठते, कोरडी भुसभुशीत माती लवकर गारठते. तिचा वेल पंधरा दिवस आधी लावलेला, मुळं धरलेला असेल, तर तो तग धरतो. त्या गावात मी दोन्ही परसं पाहून आले. जगलेले वेल दक्षिणेकडच्या भिंतीच्या कुशीत होते. गेलेले वेल उघड्यावर, उत्तरेच्या वाऱ्याच्या तोंडाशी, तेही कपडे वाळत घालायच्या दोरीखालच्या खोलगट जागेत. सुनेची सावली दोरीखाली पडली असेलही. पण रात्रीच्या वाऱ्याला अडवायला तिथं काहीच नव्हतं, हे कुणी बघितलं नाही.

तुळशीचंही तसंच. तुळस उबेचं झाड. कडाक्याच्या थंडीत तिची पानं काळवंडून गळतात. शिवाय मंजिऱ्या पिकून बी धरलं, की झाड आपोआप थकतं. कार्तिकात लग्न लावून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो, मंजिऱ्या खुडत नाही, आणि पौष-माघात ती वाळली की सुनेकडे बघतो.

कुणी म्हणेल, ‘आपले पूर्वज काय वेडे होते?’ वेडे नव्हते. पण ही समजूत आपल्या पूर्वजांचीच आहे असंही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकानं आपल्या ग्रंथात पाळीच्या बाईच्या स्पर्शानं बागेतली रोपं वाळतात असं लिहून ठेवलं होतं. आणि विसाव्या शतकात, १९२० साली, व्हिएन्नाचे बेला शिक नावाचे नामांकित डॉक्टरसुद्धा म्हणाले, की पाळीतल्या बाईच्या हातात फुलं लवकर कोमेजतात, तेव्हा तिच्या अंगात काहीतरी विष असलं पाहिजे. घटसर्पाची ‘शिक चाचणी’ यांच्याच नावाची. एवढा मोठा माणूस बोलला म्हटल्यावर पुढे कित्येक वर्षं हे विष शोधण्याचे प्रयोग झाले. पण असं विष आहे हे काही सिद्ध झालं नाही, आणि ती कल्पना मागे पडली. म्हणजे विद्वान पुरुषांनाही हा भ्रम पडू शकतो. आपल्या सासूबाईंना एकट्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण प्रयोगशाळेत कशाला जायला हवं? आपल्या शेतांकडे बघा ना. कांद्याची लागण कोण करतं? बायका करतात. वाकून वाकून, एकेक रोप हातानं खोचत, महिना-महिना त्या राबतात. द्राक्षांच्या बागेत विरळणी कोण करतं? रोपवाटिकेत मिरचीची, टोमॅटोची रोपं पिशव्यांत कोण भरतं? महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी कोण खुडतं? त्या टोळीतल्या बाईला मुकादम कधी विचारतो का, ‘बाई, तुझी तारीख कोणती?’ विचारत नाही, कारण विचारलं तर रोजचं काम थांबेल. बाईचा हात लागून रोप मरत असतं, तर लासलगावच्या बाजारात कांद्याची एक गोणी आली नसती. मजुरीच्या रानात ज्या हाताला विटाळ नाही, त्याच हाताला घरच्या परसात मात्र विटाळ! हा न्याय कुठला?

काहीजणी म्हणतात, ‘अहो, त्या निमित्तानं बाईला चार दिवस विश्रांती मिळायची.’ विश्रांती जरूर मिळावी. पोट दुखत असेल, कंबर धरली असेल, तर तिनं बादली उचलू नये, तिला कुणीतरी गरम चहा करून द्यावा. पण ‘तू दमलीस, बस जरा,’ आणि ‘तू शिवू नकोस, झाड मरेल,’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात माया आहे. दुसरं वाक्य तेरा वर्षांच्या पोरीला शिकवतं, की तुझं शरीर घातक आहे. ते ती आयुष्यभर विसरत नाही.

बरं, एवढं बोलून झाल्यावर रोपं वाचवायची कशी, हेही सांगायला हवं. नाहीतर पुढच्या माघात वेल पुन्हा सुकेल आणि पुन्हा तेच पाढे. यातलं काहीच खर्चाचं नाही.

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे घाई न करणं. बी पिशवीत, फुटक्या मगात, दुधाच्या पिशवीत लावावं आणि रोप ओसरीत वाढवावं. दिवसा उन्हात, रात्री आत. रोपं हलती असली, की थंडी काही करू शकत नाही. रात्रीचा गारठा सरला, की मग जमिनीत लावावं. भेंडीचं बी तर गार मातीत घालूच नये. ते उगवत नाही, कुजतं, आणि बियाणं खोटं निघालं म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो.

जी रोपं जमिनीत गेलीच आहेत, त्यांना पांघरूण घालावं. पांघरूण ऊब तयार करत नाही, जमिनीची ऊब निसटू देत नाही. म्हणून ते ऊन उतरायच्या सुमारास घालावं. रात्री दहाला आठवण झाली, तर तोवर निम्मी ऊब निघून गेलेली असते. कोंबड्या झाकायचं डालगं, फुटकी बादली, बुट्टी, मातीचं मडकं, पुठ्ठ्याचं खोकं, काहीही उपडं घालता येतं. रांग मोठी असेल, तर चार काठ्या रोवून त्यावर जुनी साडी किंवा गोणपाट टाकावं. डाळिंबाच्या बागा जुन्या साड्यांनी झाकलेल्या रस्त्यानं जाताना पाहिल्या असतील, तीच युक्ती. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे आणि कडेला दगड ठेवले पाहिजेत. नुसतं शेंड्यावर टाकून बाजूनं मोकळं ठेवलं, तर वारा खालून जातो. प्लास्टिकचा कागद वापरला, तर तो पानांना टेकू देऊ नये. जिथं टेकतो तिथं पान जळतं. आणि सकाळी ऊन आलं, की झाकण आठवणीनं काढायचं. नाहीतर थंडीतून वाचलेलं रोप दुपारी कागदाखाली उकडून निघतं.

पाण्याचं तंत्रही सांभाळावं. थंडीचा इशारा आला, की दुपारी आळ्याला बेताचं पाणी द्यावं. ओली माती रात्री ऊब देते. पण चिखल करू नये, पानांवर संध्याकाळी पाणी शिंपडू नये. गार आणि चिंब मातीत कोवळी रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात. ते थंडीनं नव्हे, बुरशीनं. आळ्यात पालापाचोळ्याचं, पाचटाचं किंवा वाळल्या गवताचं आच्छादन मुळांना थंडीपासून जपतं. ते बुंध्याला चिकटू देऊ नये. ऐन थंडीत युरिया टाकून वेलाला जोर आणायला जाऊ नये. नवी लुसलुशीत पालवी गारठ्याला आधी बळी पडते.

गच्चीवर कुंड्या असतील, तर त्यांची जास्त काळजी घ्यावी. जमिनीतलं रोप वरून गारठतं, कुंडीतलं चहूबाजूंनी. त्या आठवड्यापुरत्या कुंड्या भिंतीशी एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, सर्वांवर मिळून एक चादर टाकावी. लहान पोरं थंडीत जशी एका गोधडीत झोपतात, तसं.

द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री शेकोट्या करतात, ओला पाला जाळून धूर करतात, ते बघून काहीजणी परसातही धूर करतात. माझं मत विचाराल, तर गावठाणात ते नकोच. घराला घर लागून, आत दम्याची म्हातारी माणसं, तान्ही बाळं. चार वेलांसाठी त्यांचा श्वास कशाला कोंडायचा? टायर नि प्लास्टिक जाळणं तर कधीच नको. एका डालग्यानं जे काम होतं, त्याला होळी कशाला?

आणि एवढं करूनही थंडी लागलीच तर? वेल लगेच उपटू नका. काळी पानंही लगेच खुडू नका, ती खालच्या डोळ्यांवर थोडं पांघरूण धरतात. सकाळी ऊन वर आल्यावर थोडं पाणी द्या नि आठ-दहा दिवस वाट बघा. नखानं देठ हलकेच खरवडून पाहा. आत हिरवं असेल, तर तो फुटेल. आतूनही तपकिरी निघालं, तर तो गेला. नवं बी टोचा. फेब्रुवारीत गेलेल्या वेलाच्या जागी मार्चात टोचलेलं बी उबेत भराभर वाढतं आणि पुष्कळदा आधीच्या वेलाला गाठतंही.

आता एक तक्रार. थंडीची लाट येणार, हे हवामान खातं आधी सांगतं. हवामान खातं नि कृषी विद्यापीठं मिळून शेतकऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा हवामान सल्लाही काढतात. पण तो पोचतो कुणाकडे? शेतकरी म्हणून ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याच्या मोबाइलवर. परसबाग सातबाऱ्यावर नसते. तिथलं नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही. द्राक्षांचं, केळीचं नुकसान झालं की ओरड होते, व्हायलाच हवी. पण दारातले पाच वेल गेले, तर उन्हाळाभर त्या घराची भाजी गेली. ज्या घरात आठवडी बाजाराला शंभराची नोट मोडताना विचार करावा लागतो, तिथं पहिली काटछाट बाईच्या नि मुलींच्या ताटातल्या भाजीत होते. हे नुकसान मोजलं जात नाही. वर त्याचा ठपकाही तिच्याच माथी.

म्हणून माझं म्हणणं आहे, की हा अंदाज बायकांपर्यंत बायकांनीच पोचवावा. बचतगटाच्या व्हॉट्सॲप गटात आपण रोज सुप्रभातची फुलं पाठवतो ना? जानेवारी-फेब्रुवारीत त्याच गटात, ‘उद्यापासून थंडी आहे, वेल झाका,’ एवढा निरोप एकीनं टाकावा. अंगणवाडीच्या फळ्यावर तो लिहिता येईल. वाण म्हणून रोप देणारीनं सोबत एक वाक्य द्यावं, ‘शिवरात्रीपर्यंत रात्री झाकून ठेव हं.’ आणि ज्या योजना, ज्या संस्था परसबागेचं बियाणं वाटतात, त्यांनी पुडीबरोबर हेही समजावून सांगावं. पुडी देऊन फोटो काढला, की काम संपत नाही.

शाळकरी मुलींना तर याचा छोटा प्रयोगच करायला लावावा. एका दिवशी लावलेली, सारख्या मातीची चार रोपं घ्यायची. दोन रात्री झाकायची, दोन उघडी ठेवायची. झाकलेल्यांपैकी एकाला आणि उघड्यांपैकी एकाला पाळीच्या दिवसांतही तिनंच पाणी घालायचं. दारात दोन-तीन डझन रोपं असतील तर आणखी छान, म्हणजे योगायोगाला जागा राहणार नाही. वहीत रोजचं तापमान लिहायचं. काय जगलं नि काय मेलं, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. आपल्या शंभर भाषणांपेक्षा ती वही तिला जास्त शिकवेल. आजीलाही ती शांतपणे दाखवता येईल, भांडण न करता.

आजी-सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना कामात घ्यावं, हा माझा अनुभव आहे. रोप केव्हा लावायचं, वारं केव्हा फिरतं, दव केव्हा पडतं, याचं ज्ञान त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ‘आत्याबाई, आज रात्री गारठा पडेल का हो?’ असं विचारून बघा. त्या आभाळाकडे बघतील, वाऱ्याची दिशा बघतील आणि बहुतेक बरोबर सांगतील. एकदा थंडीकडे बघायची सवय लागली, की सुनेकडे बघायची सवय आपोआप सुटेल.

वर सांगितलेल्या सुनेला आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा बियाणं दिलं. या वेळी सोबत सासूबाईंनाही बैठकीला बोलावलं आणि थंडीचं सगळं दोघींना मिळून सांगितलं. सासूबाईंना पटलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण वेल या खेपेस भिंतीशी लावले गेले आणि झाकायला डालगी सासूबाईंनीच काढून दिली. सून चार दिवसांत परसात जाते की नाही, हे कुणी विचारत नाही म्हणे. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, या माघात वेलानं मान टाकली, तर आधी पेपरातला तापमानाचा चौकोन बघा, मग वाऱ्याची दिशा बघा, मग आळ्यातल्या मातीला हात लावून बघा. आणि तो हात लावताना तारीख आठवायची गरज नाही. ती कुठलीही असो, हात आपलाच आहे, आणि त्याच हातानं ते बी टोचलेलं आहे.